एका दुपट्ट्याचं गजकर्ण

ज्या घरात कबड्डी खेळणारं लेकरू आहे आणि त्याच घरात माझ्यासारखा कोणाचं न ऐकणारा आजा आहे, त्या घरासाठी मी हे लिहून राहिलो. मी चौथी शिकलेला माणूस. अक्षर मोठं निघतं, काना-मात्रा चुकतात, नात बाजूला बसून दुरुस्त करते. मजकूर मात्र माझा आहे. ती काही पुसायला गेली की मी तिचा हात धरतो.

आजार मोठा नव्हता. गजकर्ण. आमच्या गावात त्याला गचकरण म्हणतात, कोणी दाद म्हणतं. गोल चट्टा, कडेला लाल, मधात कोरडा, आणि खाज अशी की माणूस बोलता बोलता थांबतो. त्यानं कोणी मरत नाही. म्हणून कोणी दाखवत नाही, आणि न दाखवल्यानं ते घरभर फिरतं.

आधी मॅडमला दाखवलं

सानगडीच्या बाजाराला आम्ही सायकलनं जातो, एवढं आमचं गाव जवळ. गावाला मोठा तलाव आहे. आम्ही ढिवर लोक. मासे धरतो, शिंगाडे लावतो. म्हणजे माझं अर्धं आयुष्य कमरेइतक्या पाण्यात गेलं.

माझी नात आचल आठवीत आहे. तिचा बाप नागपूरला कामाला असतो, म्हणून ती माझ्या मागं मागं फिरतच मोठी झाली. दम कसा धरावा हे तिला मी तलावात शिकवलं. ती बुडी मारायची, मी काठावर उभा राहून वाट पाहायचो, आणि माझाच जीव वर यायचा तेव्हा ती वर यायची. आज चढाईत तिचा दम तुटत नाही तो त्या बुड्यांमुळं. हे मी जागोजागी सांगत असतो, इथंही सांगून ठेवतो.

उन्हाळ्यात तलावाचा काठ उघडा पडतो. तिथं मी गावच्या पोरींना कबड्डी शिकवायचो. मग शाळेत पवनीच्या मॅडम आल्या. खेळाच्या मॅडम. गळ्यात शिट्टी, पायात बूट. पोरी काठावरून उठून शाळेच्या मैदानात गेल्या. मॅडमनी मला बंदी केली नाही. उलट ‘या आबाजी’ म्हणून खुर्ची मांडायच्या. पण ज्याला खुर्ची मांडून देतात तो पाहुणा असतो, एवढं मला कळतं.

घरात आधी ‘आबाजी म्हणतात’ असं असायचं. ते ‘मॅडम म्हणतात’ झालं. मॅडम म्हणतात रोज मोड आलेले मूग खायचे. मी जन्मभर म्हणत होतो की झिंगे खा, त्याला कोणी विचारलं नाही. मूग मात्र दुसऱ्या दिवशी भिजत पडले.

अशात एका संध्याकाळी मॅडम आमच्या घरी आल्या. माझ्या सुनेला, वनिताला, बाजूला नेऊन त्यांनी सांगितलं की आचलच्या कमरेवर चट्टे उठले आहेत, संघातल्या आणखी तिघींना आहेत, आरोग्य केंद्रात न्यावं लागेल. चट्टे कितीतरी दिवसांचे होते. आईला माहीत नाही, मला माहीत नाही, आणि पवनीच्या बाईला माहीत.

मॅडम गेल्यावर मी आचलला समोर बसवलं.

“मले काहून नाई सांगितलं?”

“तुमी चुना लावून देला असता, आबाजी.”

वनिता चुलीपुढं तोंड फिरवून हसली. मी लावला असता, हे खरं होतं. पण तेव्हा मला चुन्याचं काही वाटलं नाही. मला एवढंच वाटलं की पोरीनं आपलं अंग आधी परक्या बाईला दाखवलं.

माझी ट्यूब

आरोग्य केंद्रातून मलम मिळालं. सावकाश उतरेल असं सांगितलं. चट्टा दिसेनासा झाला तरी लावणं सोडायचं नाही, आणि तोवर पकडापकडीचा खेळ बंद. मॅडम शाळेत रोज विचारायच्या, लावलं का. आचल म्हणायची, हो मॅडम. घरीसुद्धा मलम हातात घेतलं की तिच्या तोंडात मॅडमच. एवढ्याशा डबीतून ती बाई आमच्या घरात येऊन बसली होती.

मी सानगडीच्या बाजाराच्या दिवशी एका मेडिकलवर गेलो आणि म्हटलं, दादवर लवकरात लवकर असर करेल अशी ट्यूब दे. त्यानं काही न विचारता दिली.

काय सांगू, तिसऱ्या-चौथ्या दिवशी खाज गेली. लाली उतरली. आचल नाचायला लागली.

“आबाजी, मॅडमच्या मलमापेक्षा तुमची ट्यूब भारी आहे.”

हे वाक्य मी मनात कितीदा घोळवलं असेल. बाकीच्या तिघी आल्या, त्यांनाही मी ट्यूब दिली. थोडी स्वतःच्या कमरेलाही लावली, कोणाला न दाखवता. शिंगाडे काढायच्या दिवसांपासून मला तिथं खाज होती. पाण्यात राहणाऱ्याला ती असायचीच, असं मी धरून चाललो होतो. पोरी पुन्हा खेळायला लागल्या. मॅडमना वाटलं त्यांच्या मलमानं झालं. मी खुर्चीवर बसून मिशीत हसत होतो.

ट्यूब संपली आणि ते पुन्हा निघालं. आधी कमरेपुरतं होतं, आता मांड्यांवर उतरलं, पाठीवर चढलं. गोल आकारही राहिला नाही, नुसता पसरट लाल भडका. कातडी अशी पातळ झाली की घामानंही झोंबायची. आचल शाळेतून आली की पंख्याखाली उभी राहायची. बसायची नाही. दुसरी ट्यूब आणतो म्हटलं तर वनितानं माझ्या हातातली पिशवीच काढून घेतली.

भंडाऱ्याला

मॅडमनी भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात चमडीच्या डॉक्टरांकडं जायचं ठरवलं. गाडी ठरवली, चौघी पोरी, वनिता, आणि मी. मला कोणी बोलावलं नव्हतं. पण माझी नात त्यांच्यासोबत जाणार आणि मी घरी जाळं विणत बसणार, हे होणार नव्हतं. गाडीत आचल मॅडमच्या बाजूला बसली. मी मागं.

डॉक्टर म्हणजे वनिताच्या वयाची बाई. तिनं एकेक पोरीला पडद्यामागं नेलं, तपासलं, आणि बाहेर येऊन खुर्चीत बसली. वनितानं जपून ठेवलेली रिकामी ट्यूब टेबलावर होती. ती उचलून डॉक्टर म्हणाली की ह्याच्यात एक औषध असं असतं की ते खाज दाबून टाकतं आणि खालची बुरशी मजेत वाढत राहते. कोणी आणली, हे तिनं विचारलं नाही. वनितानंही सांगितलं नाही. मी छताकडं पाहिलं.

मग तिनं दुसरंच विचारलं.

“चौघींनाही सुरुवात कमरेलाच आहे. पट्टा बांधावा तशी. कमरेला काय बांधता गं तुम्ही?”

पोरी खाली पाहायला लागल्या. आचल सगळ्यांत जास्त खाली.

काय बांधतात ते इथं सांगावं लागेल. माझ्या खांद्यावर दुपट्टा असतो. तलावात उतरताना तोच कमरेला, बाहेर आलो की खांद्यावर, तिथंच वाळतो. पोरींच्या सरावात मी तो चढाई करणारीच्या कमरेला बांधायचो. दोघींनी मागून दोन टोकं ओढायची, आणि हिनं दम न तोडता रेषेला हात लावायचा. कंबर एका बाजूला टाकून, दुसऱ्या बाजूनं फिरायचं, की ओढणाऱ्या तोंडावर पडतात. हा डाव मला कोणी शिकवला नाही, माझा मी काढला. एकीचं झालं की तोच दुपट्टा घामासकट दुसरीच्या कमरेला. मॅडमनाही हा डाव इतका आवडला होता की त्यांनी तो रोजच्या सरावात घातला. मी दुपट्टा घेऊन जायचो ते त्याच्यासाठीच. तेवढ्यापुरता मी खुर्चीवरून उठायचो.

पोरी बोलेनात तेव्हा मॅडम पुढं झाल्या. त्या म्हणाल्या, “डॉक्टर, मी एक सराव घेते. कमरेला कापड बांधून ओढायचा. माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. चूक माझी आहे.”

त्या मला वाचवत होत्या, हे आज मी लिहू शकतो. तेव्हा माझ्या कानात फक्त ‘मी घेते’ एवढंच शिरलं. नात नेली, पोरी नेल्या, आता डावसुद्धा हिचा? मी दाराजवळच्या बाकावरून उठलो.

“डॉक्टरीन बाई, थो डाव माया आहे. दुपट्टा बी माया. ह्या बाई तं काल आल्या.”

वनितानं कपाळाला हात लावला. एक पोरगी फिसकन हसली. डॉक्टरनं पेन खाली ठेवला.

“असं का? मग आबाजी, पडद्यामागं या. तुमची कंबर पाहते.”

“मले काई नाई झालं.”

“दुपट्टा तुमचाच आहे ना?”

“मायाच आहे.”

“मग या.”

आता नाही कसं म्हणू? सगळ्यांसमोर दुपट्ट्यावर हक्क सांगून बसलो होतो. पडद्यामागं गेलो. लेकीच्या वयाच्या बाईसमोर, तोंड भिंतीकडं करून, धोतराची गाठ सोडली. तिनं दिवा जवळ घेऊन पाहिलं आणि नुसतं हं म्हटलं. माझं पोरींपेक्षा जुनं होतं, जास्तही होतं.

मी विचारलं, माझ्यापासून पोरीला झालं का? ती म्हणाली की कोणाचं कोणाला लागलं ते आता सांगता येणार नाही, आणि सांगून फायदाही नाही. मी म्हटलं, कदाचित पवनीहूनच आलं असेल. तिनं मॅडमनाही तपासलं. मॅडमच्या अंगावर तेव्हा काही नव्हतं. मला तेही आवडलं नाही.

बाहेर येऊन मॅडमनी विचारलं की जिल्ह्याच्या संघाची निवड तोंडावर आली आहे, आचल तोवर बरी होईल का. डॉक्टर म्हणाली, औषध नियमानं घेतलं तर होऊ शकते. पण घरात एकानं जरी मधेच सोडलं तर तिला पुन्हा होईल, आणि चट्टा असला तर मी खेळायला हो म्हणणार नाही. हे बोलताना तिनं आचलकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं.

येताना गाडीत आचल माझ्या बाजूला बसली. म्हणाली, “आबाजी, मी नसतं सांगितलं तुमचं नाव.” मी म्हटलं, मॅडमनी पण नव्हतं सांगितलं. ती म्हणाली, हो ना. झालं. तिथंही त्या होत्याच.

घरात

त्या दिवसापासून आमच्या घराचा दवाखाना झाला. मला रोजची गोळी, आचलला नवं मलम. वनिता मोठ्या गंजात पाणी उकळून सगळ्यांचे कपडे त्यात टाकायची, उलटे करून उन्हात वाळवायची. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, साबण वेगळा, अंथरूण वेगळं. आचल थंडी वाजली की माझ्या गोधडीत शिरायची, तेही बंद झालं. माझा दुपट्टा वनितानं चिमट्यानं उचलून उकळत्या पाण्यात टाकला. मेलेला साप उचलावा तसा. मी पाहत उभा होतो.

डॉक्टरचा एक हुकूम होता, अंग कोरडं ठेवा, तलावात उतरू नका. ढिवराला असं सांगणं म्हणजे काय, ते ढिवरालाच विचारा. मी ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी उतरलो. ओल्या धोतरानं अंगणात आलो तर वनिता बादली घेऊन उभी. ती माझ्यापुढं कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलली.

“मामाजी, तुमी पान्यात उतरता अन् पोरगी घरात बसून राहते. मी कोनाचं पाहू, सांगा.”

एवढंच बोलून ती कपडे वाळत घालायला गेली. मी धोतर बदललं. शिंगाड्याचं काम त्या मोसमात पुतण्यानं पाहिलं. त्यानं चांगलं पाहिलं, त्याचंही मला बरं वाटलं नाही.

गावातही कुजबुज झाली. एका पोरीची आई नळावर म्हणाली की ही खाज तलावातून आली, ढिवराच्या घरून. ते माझ्या कानावर आलं तेव्हा मी काठी घेऊन निघालोच होतो. पण त्याच संध्याकाळी मॅडम आमच्या ओसरीवर येऊन बसल्या, वनिताच्या हातचा चहा प्यायल्या, आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक बाईला हाक मारून सांगितलं की कपबशीनं, बोलण्यानं हे लागत नाही, एकमेकांचे ओले कपडे वापरल्यानं आणि अंगाला अंग घासल्यानं लागतं. नळावरची ती बाईसुद्धा थांबून ऐकून गेली. माझ्या काठीनं जे झालं नसतं ते त्यांच्या चहानं झालं. मी आत जाऊन बसलो. मला चहा नको होता.

हळूहळू उतार पडला. माझी खाज गेली. खाज गेली म्हटल्यावर गोळी कायले? मी गोळ्या उशाखाली ठेवायला लागलो. अंथरूण उन्हात टाकताना त्या आचलला सापडल्या. ती रागावली नाही. पाण्याचा गिलास आणि गोळी घेऊन आली आणि समोर बसली.

“तुमी सोडली तं मले पुन्हा होईन, आबाजी. मंग मॅडम मले नाई घेनार.”

माझ्यासाठी घ्या, असं ती म्हणाली असती तर मी लगेच घेतली असती. मधात मॅडम आली, म्हणून थोडा वेळ लागला. मग मी गोळी आणि मॅडम, दोघी एकदमच गिळल्या. त्यानंतर चुकवली नाही. रोज सकाळी आचल माझी गोळी पाहायची आणि मी तिचं मलम. डाव्या बाजूला पाठीवर तिचा हात पोचत नव्हता, तिथं वनिता लावून द्यायची. तेवढ्या वेळात आम्ही तिघं एकत्र असायचो. आधी कामाच्या घाईत तसं कधी बसत नव्हतो.

जे वाचत आहेत त्यांना सांगतो. लेकराच्या अंगावर चट्टा दिसला तर ओरडू नका, नाही तर ते लपवेल. सगळ्या घराची कंबर, काख, मांड्या एकदा तपासून घ्या, म्हाताऱ्याची सगळ्यांत आधी. मेडिकलमधून आपल्या मनानं ट्यूब आणू नका. आणि बरं वाटलं म्हणून बंद करू नका, डॉक्टर म्हणेल तेव्हाच करा. हे सगळं मॅडमनी मला आधीच सांगितलं होतं. त्यांनी सांगितलं होतं म्हणूनच ते मी ऐकलं नाही.

निवड

निवडीच्या आधी डॉक्टरनं आचलला तपासून हो म्हटलं. बाकी तिघींपैकी दोघींना हो, एकीला अजून नाही. ती पोरगी फार रडली. मलाही डॉक्टर बरे आहात म्हणाली, पण औषध आणखी काही दिवस चालू ठेवायला सांगितलं.

निवडीच्या सकाळी मैदानावर पोचलो तर मॅडम पोरींपासून दूर, झाडाखाली उभ्या. मी विचारलं, काहून? त्यांनी बाही वर केली. मनगटाच्या वर गोल चट्टा.

“काल दिसला. औषध सुरू केलं, आबाजी. पण आज मी पोरींना हात नाही लावत. नियम मीच केला ना. आचलचं अंग तुम्ही मोकळं करून द्या.”

बाही खाली ओढली असती तर कोणाला काय कळलं असतं? मी त्यांच्या जागी असतो तर ओढली असती.

मी मैदानात गेलो. उकळून, वाळवून, इस्त्री केलेले कपडे अंगावर. आचलची कंबर मागून धरली. ती फिरली, सुटली. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. ज्याच्यासाठी मी एवढे दिवस जळत होतो ते माझ्या हातात होतं. पण प्रत्येक वेळी सुटली की ती झाडाकडं पाहायची. मॅडम तिथून मान हलवायच्या, मगच ती परत यायची.

चाचणीत तिनं दम तोडला नाही. दोघींनी कमरेला मिठी घातली, तिनं कंबर डावीकडं टाकली, उजवीकडून फिरली आणि रेषेला बोटं लावली. मी ओरडलो का ते मला आठवत नाही. वनिता म्हणते, ओरडले. मॅडम झाडाखालून म्हणाल्या, “आबाजी, तुमचा डाव.” सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. इतकं मोठं मन ह्या बाईला कुठून मिळालं, ह्याचाही मला राग आला.

संघातली नावं वाचली. आचलचं नाव आलं. ती सुसाट झाडाकडं धावली. मॅडम दोन पावलं मागं सरल्या आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले. पोरगी मधातच थांबली. मी मॅडमचं तोंड पाहिलं. पोरीला गोधडीत घेता येत नव्हतं तेव्हा माझं तोंड तसंच असेल.

मग आचल फिरली आणि माझ्याकडं आली. गळ्यात पडली. घामानं चिंब होती. मला माहीत होतं की ती माझ्याकडं आली कारण तिकडं जाता आलं नाही. तरी मी घट्ट धरली.

जाताना मी झाडापाशी थांबलो आणि मॅडमना म्हटलं, “खाज गेली तरी गोळी सोडू नका. मी सोडली होती.”

त्या हो म्हणाल्या. आता मी रोज आचलला विचारतो, मॅडमनी आज घेतली का. तिला वाटतं आबाजी सुधरले. तसं काही नाही. मॅडम लवकर बऱ्या झाल्या पाहिजेत. आमच्या दोघांचे हात मोकळे असताना पोरगी कोणाकडं धावते, ते मला एकदा पाहायचं आहे.